माल्टाची पाषाणमंदिरे

माल्टा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, जेथे खडकाळ उतार समुद्राकडे धावतात आणि समोर फिलफ्ला नावाचे निर्जन खडकाळ बेट दिसते, तेथे हाजर ईम आणि म्नायद्रा ही पाषाणमंदिरे एकमेकांपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर उभी आहेत. इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमारास, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही अजमासे हजार वर्षे आधी, धातूचे हत्यार ठाऊक नसलेल्या शेतकरी लोकांनी ह्या स्थळी बांधकाम आरंभिले.

दोन उभ्या शिळांवर तिसरी आडवी ठेवून साधलेल्या दारातून मी हाजर ईममध्ये शिरलो. आतील दालने अर्धवर्तुळाकार आहेत, आणि काही ठिकाणी तर अखंड शिळेत चौकोनी वाट कोरून एका दालनातून दुसऱ्यात जाण्याची सोय केलेली आहे. बाहेरच्या भिंतीतील एक शिळा वीस टनांच्या घरातील; तिच्यापुढे प्रवाशांची गर्दी होती. मी मात्र रेंगाळलो तो दाराजवळच्या शिळांवर, सर्व पृष्ठभाग व्यापून, दगडी हत्याराने एकेक करून पाडलेल्या बारीक खळग्यांच्या नक्षीपाशी. कारण प्रचंड शिळा हलविण्यास मनुष्यबळ पुरते, परंतु एवढ्या चिकाटीने दगड सजविण्यास श्रद्धाच हवी, असे मला तेथे प्रकर्षाने वाटले.

हाजर ईमचा चुनखडक मऊ असल्याने त्याचे पापुद्रे सुटले आहेत. म्नायद्राच्या कारागिरांनी मात्र बाहेरच्या भिंतीस कठीण प्रवाळी चुनखडक वापरून आतील कोरीव कामासाठी मऊ दगड राखून ठेवला. त्यांचे आकाशाचे निरीक्षणही तितकेच सूक्ष्म होते: विषुवदिनी उगवत्या सूर्याचा किरण तेथील खालच्या मंदिराच्या मुख्य दारातून सरळ गाभ्यापर्यंत पोहोचतो, आणि अयनदिनी तोच प्रकाश दाराच्या आतील दोन बाजूंच्या शिळांच्या कडांवर पडतो.

२००९ साली दोन्ही मंदिरांवर प्रचंड तंबूवजा छत्रे उभारण्यात आली. त्यांनी स्थळाचे सौंदर्य बिघडविले, अशी तक्रार माझ्या सहप्रवाशांपैकी काहींनी केली. मला ती मान्य नाही. पाऊस आणि ऊन ह्यांनी झिजलेल्या दगडास आसरा देण्याचा हा बंदोबस्त अत्यावश्यकच होता, आणि छत्रांच्या बाजू मोकळ्या असल्यामुळे विषुवदिनीचा सूर्य आजही दारातून आत येतो.