दरिया आणि दर्या

तुम्ही भूगोल उर्दूतून शिकता आणि मराठी या पुस्तकातून. त्यामुळे तुमच्याकडे एकाच टेकडीला आणि एकाच नदीला दोन दोन नावे असतात. काही नावे अगदी वेगळी, काही सख्ख्या भावांसारखी. आणि काही दिसायला सारखी, पण स्वभावाने निराळी! या शेवटच्या शब्दांपासून मात्र जरा सावध राहावे लागते. मला त्यांची ओळख कशी झाली, ते आज सांगतो.

माझे गाव असोदा. जळगाव शहरापासून अगदी जवळ. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली याच गावात झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण माती, पाणी, पीक, पाऊस यांचे शब्द त्यांच्या ओठांवर होते. आमच्या गावात तेव्हा पुष्कळ माणसे अशीच होती. शाळा पाहिलेली नाही. पण कोणत्या शेतात पाणी साचते आणि कोणत्या उतारावरून ते वाहून जाते, हे तोंडपाठ!

गावाभोवती सपाट, काळी जमीन. कपाशी आणि केळी. हवा स्वच्छ असली की घराच्या धाब्यावरून उत्तरेकडे सातपुड्याची निळी रांग दिसे. समुद्र तर आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. तरीही समुद्रावरूनच माझा आणि माझ्या मित्राचा पहिला वाद झाला.

हा मित्र जळगावच्या एका उर्दू शाळेत शिकत होता. त्याचे घर माझ्या मावशीच्या घराशेजारी होते. सुट्टीत मी मावशीकडे गेलो की आम्ही दोघे ओट्यावर बसून एकमेकांची पुस्तके चाळत असू. माझ्या पुस्तकात शिवाजी महाराजांच्या आरमाराचा धडा होता. मी मोठ्याने वाचले, "मराठ्यांची जहाजे दर्यावर निघाली."

मित्र म्हणाला, "एवढी मोठी जहाजे नदीत कशी मावली?"

मी म्हणालो, "नदी कुठली? दर्या म्हणजे समुद्र."

"छे! दरिया म्हणजे नदी. आमच्या भूगोलात पाहा. दरिया-ए-गंगा, दरिया-ए-सिंध!"

त्याने पुस्तक आणून दाखवले. त्याचे बरोबर होते. मीही शब्दकोश काढला. माझेही बरोबर होते! शेवटी आम्ही त्याच्या आजोबांकडे गेलो. तो त्यांना दादाजान म्हणे. ते हसले आणि म्हणाले, "बेटा, शब्द एकच आहे, फारसीतला. फारसीत दरिया म्हणजे समुद्र, आणि मोठ्या नदीलाही दरिया म्हणतात. उर्दूने नदी ठेवली, मराठीने समुद्र ठेवला. भांडता कशाला?"

तुम्हीच पाहा. मध्य आशियात आमू दरिया आणि सिर दरिया या नद्या आहेत. मराठीत मात्र दर्यावर्दी म्हणजे समुद्रावर जहाज चालवणारा. शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान हे मोठे अधिकारी होते. दर्यासारंग या नावातला दर्या म्हणजे समुद्रच.

त्या दिवसापासून आम्हांला असे शब्द शोधण्याचा छंद लागला. उर्दूत दर्रा म्हणजे दोन डोंगरांमधली जाण्याची वाट. तिला मराठीत खिंड म्हणतात. मराठीत दरी म्हणजे दोन डोंगरांमधला खोल भाग, आणि तुमच्या घरात दरी म्हणजे जमिनीवर अंथरायची सतरंजी! बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला असीरगड किल्ला आहे. तो सातपुड्यातल्या अशाच एका वाटेवर पहारा देतो. म्हणून जुन्या लोकांनी त्याला दख्खनचा दरवाजा म्हटले. १६०१ साली अकबर बादशहाने तो घेतला, तेव्हा खानदेशातले फारुकी राज्य संपले. खिंड ज्याच्या हाती, मुलूख त्याच्या हाती.

चश्मा हा शब्द घ्या. मराठीत तो फक्त नाकावर बसतो. उर्दूत तो जमिनीतूनही निघतो. जमिनीतून आपोआप वर येणाऱ्या पाण्याला मराठीत झरा म्हणतात. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, उनपदेव येथे गरम पाण्याचा झरा आहे. मित्राने तिथे पोहोचताच डोळ्यांवरचा चश्मा काढून झऱ्याजवळ ठेवला आणि म्हणाला, "बघ, दोन्ही चश्मे भेटले!"

वाळवंट हा शब्द तर फारच फसवा. भूगोलात वाळवंट म्हणजे सहरा, रेगिस्तान. पण मराठीत नदीच्या पात्रातल्या वाळूच्या मोकळ्या जागेलाही वाळवंट म्हणतात. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी जमतात, असे तुम्ही वाचाल. तिथे उंट शोधू नका.

खाडी आणि आखात यांचेही तसेच. तुमच्यापैकी कोणाचे मामा किंवा चाचा दुबईला, कतारला नोकरीला असतील. त्या भागाला उर्दूत खलीज म्हणतात, हिंदीत खाडी म्हणतात. मराठीत ते आखाती देश. मराठीतली खाडी त्यापेक्षा पुष्कळ लहान असते. भरतीचे पाणी नदीच्या मुखातून जेवढे आत शिरते, तेवढी ती खाडी. कोकणात अशा खाड्या जागोजागी आहेत.

आता काही शब्द एका नदीबरोबर चालत पाहू. पाठ करण्यापेक्षा हे बरे. ही नदी वाघूर. अजिंठ्याच्या डोंगरांत तिचा उगम आहे. उगम म्हणजे नदी जिथे सुरू होते ती जागा. उर्दूत तुम्ही मंबा म्हणता. सुरुवातीला ती नदी नसतेच. पावसाळ्यात लहान लहान ओहोळ एकत्र येतात, त्यांचा ओढा होतो, ओढ्यांची नदी होते. मग ती कड्यावरून टप्प्याटप्प्याने खाली उडी घेते. हा धबधबा, म्हणजे आबशार. खरे सांगायचे तर मला इथे उर्दू शब्द जास्त गोड वाटतो. पण धबधबा म्हटले की पाण्याचा आवाज ऐकू येतो, तो आबशारमध्ये येत नाही.

धबधब्याखाली नदी घोड्याच्या नालेसारखे वळण घेते. हजारो वर्षे पाण्याने खडक कापला आणि ही खोल दरी तयार झाली. दरीच्या उभ्या कड्यात कारागिरांनी जगप्रसिद्ध लेणी कोरली. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीसाठी आला होता. त्याला समोरच्या कड्यात एक लेणे दिसले आणि जगाला अजिंठ्याची पुन्हा ओळख झाली. जळगावहून तिकडे जाणारा रस्ता लेण्यांच्या पुढे वळणे घेत डोंगर चढतो. त्या रस्त्याला घाट म्हणतात. नदीवरच्या पायऱ्यांनाही घाटच म्हणतात. तुम्हांला दुसरा अर्थ माहीत असेल, पहिला मराठीत शिका.

डोंगर सोडल्यावर वाघूर शांत होते. आता मैदान लागते. हा शब्द तुम्हांला शिकवायला नको, तो मराठीने फारसीतूनच घेतला आहे. वाटेत तिच्यावर धरण आहे. धरणामागे साठलेल्या पाण्याला जलाशय म्हणतात. जळगाव शहराला पिण्याचे पाणी तिथून मिळते. शहरातला मेहरूणचा तलाव लहान आहे, आणि तलाव म्हणजे तुमचा तालाबच.

पुढे वाघूर तापीला मिळते. एका नदीला मिळणारी दुसरी नदी म्हणजे उपनदी. पूर्णा, वाघूर, गिरणा, पांझरा या तापीच्या उपनद्या. दोन नद्या भेटतात तो संगम. तापी आणि पूर्णेचा संगम चांगदेव येथे आहे. या सगळ्या नद्यांना पाणी पुरवणारा सारा प्रदेश म्हणजे तापीचे खोरे. तुम्ही त्याला वादी म्हणता.

गोदावरी आणि कृष्णा पूर्वेकडे जातात, तापी मात्र पश्चिमेकडे जाते. का? फार पूर्वी जमिनीला लांब भेगा पडल्या आणि मधला भाग खाली खचला. अशा दरीला खचदरी म्हणतात. नर्मदा आणि तापी अशा खचलेल्या भागांतून वाहतात. मध्य प्रदेशात मुलताई येथे निघालेली तापी ७२४ किलोमीटर चालून सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते. मोगलांच्या काळात हजला जाणारे यात्रेकरू सुरतेच्या बंदरातून जहाजात बसत. बुऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारी मोठी वाट आमच्या खानदेशातूनच जात होती. म्हणजे तापीचे पाणी आणि हजचे यात्रेकरू, दोघेही दरियाच्या काठाने दर्याकडे निघाले होते!

दादाजानांनी आम्हांला आणखी एक गंमत दाखवली. बेट म्हणजे जजीरा. मुरूडजवळच्या समुद्रातल्या किल्ल्याला जंजिरा म्हणतात, तो याच शब्दावरून. तिन्ही बाजूंनी पाणी असलेली जमीन उर्दूत जजीरानुमा आणि मराठीत द्वीपकल्प. नुमा म्हणजे 'सारखा दिसणारा'. संस्कृतात कल्प म्हणजे 'जवळजवळ तसाच'. एक शब्द अरबी-फारसीतून आला, दुसरा संस्कृतातून. पण दोन्ही बनवणाऱ्यांनी त्या जमिनीकडे पाहून एकच विचार केला. बेटासारखी आहे, पण बेट नाही.

आता तापीच्या काठची एक गोष्ट सांगायची आहे. हिवाळ्याचे दिवस होते. मी, माझा मित्र आणि बुऱ्हाणपूरहून आलेला त्याचा मामेभाऊ असे आम्ही तिघे नदीवर गेलो. मामेभाऊ आठ-नऊ वर्षांचा. बुऱ्हाणपूरही तापीवरच आहे. त्यामुळे तो ऐटीत म्हणाला, "यह तो हमारी ही नदी है!" पाणी घोट्याएवढे होते. नदी पायी ओलांडता येते अशा उथळ जागेला आमच्याकडे उतार म्हणतात. आम्ही उतारावरून चाललो होतो. तो मात्र डावीकडे सरकला.

काठावर एक म्हातारे नावाडी होडी दुरुस्त करत होते. ते ओरडले, "पुढे डोह आहे रे पोरा!"

नदीच्या पात्रात जिथे पाणी एकाएकी खोल होते, त्या जागेला डोह म्हणतात. वरून पाहिले तर तिथले पाणी शांत दिसते, उथळ पाण्यापेक्षाही शांत. त्या मुलाने हा शब्द कधी ऐकला नव्हता. त्याला वाटले, ते 'दो' म्हणत आहेत. तो चालता चालताच मागे वळून विचारू लागला, "दो? क्या दो, चाचा?" आणि आणखी एक पाऊल पुढे टाकले. पाणी त्याच्या गुडघ्यांवर आले.

"आगे गहरा है! रुक जा!" माझा मित्र जिवाच्या आकांताने ओरडला.

तो जागच्या जागी थांबला. मित्राने जाऊन त्याचा हात धरला आणि त्याला मागे आणले. नावाडी होडीतला लांब बांबू घेऊन आमच्याजवळ आले. ते काही रागावले नाहीत. मुलगा उभा होता, तिथून दोन हात पुढे त्यांनी बांबू पाण्यात सोडला. बांबू त्यांच्या उंचीच्या दुप्पट होता. तो खाली खाली गेला, पाणी त्यांच्या मुठीला लागले, तरी तळ लागला नाही.

"याला म्हणतात डोह," ते मुलाला म्हणाले. "आता तुझ्या बोलीत काय म्हणतात, ते मला सांग."