पारोळ्याहून आलेली बाटली

जळगावात लॅब टेक्निशियन असताना माझ्या हातून एक चूक झाली. एका माणसाच्या दुखण्याचं निदान तिच्यामुळे आठ दिवस लांबलं.

मे महिना होता. पारा ४४ च्या वर. पारोळ्याला सकाळी ९ वाजता घेतलेले लघवीचे नमुने एसटीने दुपारी १ वाजता आमच्याकडे पोचायचे. पिशवीत बर्फ नसायचा, आणि मीही कधी मागितला नव्हता. त्यातली एक बाटली कपाशीसाठी रान तयार करत उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याची होती. झाकण उघडताच अमोनियाचा उग्र दर्प आला. मी तिथेच थांबून नवा नमुना मागायला हवा होता.

स्ट्रिपवर पीएच ८.५, विशिष्ट गुरुत्व १.०३०, आणि रक्ताचा चौकोन, रक्त असल्याचं दाखवत, हिरवा झालेला. मायक्रोस्कोपखाली मात्र जंतूंची नुसती वळवळ, फॉस्फेटचे स्फटिक, आणि तांबडी पेशी एकही नाही. स्ट्रिप जुनी असेल असं धरून मी रक्ताच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. रिपोर्ट पाहून जंतुसंसर्गाचे उपचार सुरू झाले.

आठ दिवसांनी धुळ्यात नातेवाइकांकडे असताना त्यांना कंबरेपासून जांघेपर्यंत कळा आल्या. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीत अडकलेला खडा दिसला, मूत्रपिंडाला सूजही होती. पुढे ते रिपोर्ट घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. “कंबर भलती दुखस, भाऊ,” एवढंच म्हणाले. माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

चूक कुठे झाली, ते मग नीट उमगलं. उष्णतेत जंतू झपाट्याने वाढतात आणि युरियाचा अमोनिया करतात. लघवी अल्कधर्मी होते, तांबड्या पेशी फुटतात, फॉस्फेट साकळतं. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन मात्र लघवीतच राहतं. स्ट्रिपने तेच पकडलं होतं. मायक्रोस्कोपखाली मी पाहिलं ते बरंचसं वाटेतल्या चार तासांत बाटलीत घडलेलं होतं.

लघवीचा दाटपणा सांगणारा १.०३० हा आकडाही मी विचार न करता उतरवला. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर सोडतात. घामाने पाणी गेलं की ती आणखी पाणी राखतात, लघवी दाट होते, आणि त्या दाटपणात कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे धरतात. दाट लघवी आणि रक्त, खड्याकडे बोट दाखवणाऱ्या दोन्ही खुणा माझ्यासमोर होत्या.

त्यांच्या डॉक्टरांना फोन करून मी चूक कबूल केली. त्यानंतर बर्फाचा डबा आणि बाटलीवर वेळ असल्याशिवाय नमुना घेतला नाही. स्ट्रिप आणि मायक्रोस्कोप जुळले नाहीत, तर नवा नमुना मागितला.

तुम्हालाही एवढंच सांगणं आहे: लघवीची पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ डबीत घ्या, दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, नाहीतर बर्फात ठेवा. आणि खानदेशच्या उन्हात, लघवी फिकी होईल इतकं पाणी प्या.