पूर्णा ओलांडून गेलेला इंग्रज

शेगावला येणारा प्रवासी स्थानकावर उतरतो, संत गजानन महाराजांचे दर्शन घेतो आणि परततो. गावाच्या उत्तरेस काही कोसांवर पूर्णा नदी वाहते, याची त्याला सहसा कल्पना नसते. मुक्तागिरीची यात्रा केलेल्या वाचकांनी मात्र या नदीच्या माहेरचा मुलूख नकळत पाहिलेला असतो. त्याच सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यातील भैंसदेही परिसरात, तिचा उगम आहे. वऱ्हाडच्या काळ्या मातीतून पश्चिमेकडे वाहत ती चांगदेव येथे तापीस मिळते. शेगावहून संग्रामपूरकडे जाताना खिरोड्याजवळ पुलावरून तिचे पात्र दृष्टीस पडते.

पूल नव्हता त्या काळी या मुलखातून एक इंग्रज व्यापारी गेला. त्याचे नाव राल्फ फिच. १५८३ मध्ये लंडनहून निघालेला फिच आणि त्याचे सोबती जॉन न्यूबेरी व विल्यम लीड्स यांना होर्मुझ येथे पोर्तुगीजांनी पकडून गोव्यात आणले. १५८४ च्या एप्रिलमध्ये ते गोव्याहून निसटले आणि विजापूर, गोवळकोंडा, बीदरमार्गे उत्तरेकडे निघाले. पुढे फिचने ‘बेल्लापोर’ आणि ‘बर्रामपोर’ ही गावे नोंदवली आहेत. अभ्यासक ती बाळापूर आणि बुऱ्हाणपूर मानतात. बाळापूर शेगावच्या शेजारचेच, पूर्णेच्या दक्षिणेस. बुऱ्हाणपूर उत्तरेस, तापीकाठी. म्हणजे वाटेत पूर्णा ओलांडणे अटळच होते.

फिचची नजर पक्की व्यापाऱ्याची. बुऱ्हाणपूरचे गोल, जाड, उत्तम चांदीचे नाणे आणि त्याची वीस पेन्स ही किंमत त्याने टिपली. सुती व रंगीत कापडाची विपुलता, मातीची छपराची घरे आणि पावसाळ्यात घोड्यावाचून पार न करता येणारे रस्तेही त्याने नोंदवले. त्याचा वृत्तांत १५९९ मध्ये लंडनला छापला गेला आणि पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. त्या वृत्तांतात बाळापूरचे केवळ नाव आहे. पूर्णेविषयी एक शब्दही नाही.

आणि तरीही हा परका मनुष्य सुखरूप पार झाला, तो कोणाच्या आधारावर? हा खारपाणपट्टा आहे. येथे विहिरीला पाणी लागले तरी ते गोड लागेलच असे नाही. कोणत्या गावी पिण्याजोगे पाणी मिळेल, नदीला उतार कोठे आहे, पूर केव्हा ओसरेल, हे काठच्या लोकांनाच ठाऊक. नदीवर भोई आणि कोळी, डोंगरात कोरकू, आणि बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलूखभर फिरणारे बंजारा तांडे, या साऱ्यांनी ही वाट पिढ्यान्‌पिढ्या राबती ठेवली होती. आपल्या व्यापारी पूर्वजांचा मालही अशाच तांड्यांच्या भरवशावर चाले.

१६०९ मध्ये हेन्री हडसन अमेरिकेतील एका नदीतून वर गेला. तीरावरच्या मोहिकन आणि लेनापी लोकांचे तिला स्वतःचे नाव होते, पण जगाच्या नकाशावर हडसनचे नाव बसले आणि त्या प्रवासाला ‘शोध’ म्हटले गेले. पूर्णेचे नाव सुदैवाने पूर्णाच राहिले. तिला वाट दाखवणाऱ्यांची नावे मात्र कोठेच नाहीत.

आयुष्यभर बँकेच्या खातेवह्या पाहिल्यानंतर एक गोष्ट मनात ठसली आहे. नोंद नाही म्हणजे व्यवहार झालाच नाही, असे नव्हे. नोंद करणारा कोणी तेथे नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. आज नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगावचा धरण प्रकल्प उभा राहत आहे. त्यासाठी काठची गावे हलवावी लागत आहेत. गावाबरोबर तेथील घाट, उतार आणि त्यांची जुनी नावेही विस्मरणात जातील.

आपल्या घराघरांत आजोबा-पणजोबांच्या लाल वह्या असतात. कापसाच्या गाड्या कोणत्या घाटाने उतरल्या, नावेचे भाडे किती दिले, पुरामुळे माल किती दिवस अडकला, याच्या नोंदी त्यांत सापडू शकतात. येत्या दिवाळीच्या आवराआवरीत त्या वह्या रद्दीत देण्यापूर्वी एकवार उघडून पाहाव्यात. त्यांतली मोडी लिपी जाणकारांकडून वाचून घ्यावी. फिचने न लिहिलेले पान कदाचित आपल्याच माळ्यावर असेल.