बोल्ट उजवीकडे, डोळा डावा

बोल्टची दांडी रायफलीच्या उजव्या अंगाला असते. हे इतकं गृहीत धरलेलं आहे की शिकवताना कुणी वेगळं सांगतही नाही. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. एवढ्यात रिकामी पुंगळी बाहेर उडते, नवं काडतूस आत बसतं आणि दार पक्कं बंद होतं. उजव्या खांद्याला दस्ता लावलेल्या माणसाचा डावा हात त्या वेळी पुढे रायफलीचं वजन पेलत स्वस्थ असतो. उजवा तेवढा चापावरून दांडीवर आणि दांडीवरून चापावर ये-जा करतो.

ब्रिटिशांनी 1895 साली स्वीकारलेल्या ली-एनफिल्डमध्ये ही ये-जा फार विचारपूर्वक बसवलेली आहे. दांडी चापाच्या अगदी जवळ आणि खाली वाकवलेली. ती थोडीशीच उचलावी लागते, आणि स्प्रिंगचा ताण बोल्ट मागे घेताना नव्हे, तर पुढे ढकलताना भरतो, म्हणजे हाताला मुळातच जोर असतो त्या दिशेला. पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश शिपायाकडून मिनिटाला किमान 15 नेमक्या गोळ्यांची अपेक्षा असे, तीही 300 यार्डांवर. ही रायफल पुढे बंगालात इशापूरला बनू लागली आणि ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं राहिली. मला ती आजही देखणी वाटते. तिचा वेग मात्र सगळाच्या सगळा उजव्या हातासाठी घडवलेला आहे.

मी डावखुरी. एनसीसीच्या कॅम्पमध्ये आम्हा मुलींच्या हाती आली ती तिचीच धाकटी बहीण, पॉइंट टू टू. एका वेळी एकच गोळी, हाताने भरायची. मातीच्या बांधासमोर सतरंजीवर पालथं पडून दस्ता डाव्या खांद्यात घेतला, की सगळी मांडणी फिरते. गाल दस्त्याच्या उजव्या बाजूला टेकतो, म्हणजे पुंगळी उडण्याची खिडकी आपल्याच तोंडाकडे येते. दांडी गाठायची तर डाव्या हाताने चाप सोडून रायफलीच्या पाठीवरून पलीकडे उतरायचं. हात आला की बोल्ट नाकाशी येतो, म्हणून गाल उचलायचा. गाल उचलला की डोळा माशीवरून, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवरून, सुटतो. हे प्रत्येक गोळीला. शेजारची मुलगी एकदा स्थिरावली की पाचही गोळ्या त्याच एका आसनातून सोडायची. मला प्रत्येक गोळीसाठी नव्याने बसकण जमवावी लागे.

तोडगा एकच ठरलेला असे: ‘उजवीकडे घे.’ घरी जेवणाच्या पानावर ऐकलेलं तेच इथेही. उजव्या हाताने घास घेता येतो, तो मी शिकलेही. नेमाचं तसं नाही. आपल्या दोन डोळ्यांतला एक डोळा मुख्य असतो, मेंदू त्याचं आधी ऐकतो. माझा डावा आहे. उजव्या खांद्यावर रायफल घेतली की डावा डोळा मिटून ठेवावा लागे. काही वेळाने पापणी थरथरायची, अर्धा चेहरा आवळून यायचा, आणि समोरची माशी धूसर व्हायची. हाताला वळण लावता येतं. डोळ्याची ही सत्ता मोठेपणी बदलणं जवळजवळ अशक्य आहे.

उत्तर आलं ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून आलेल्या एका उस्तादांकडून. त्यांनी वाळूची पिशवी उचलून माझ्या रायफलीखाली सारली. ‘वजन हिच्यावर टाक, बाळ. डावा हात तिथंच राहू दे. उजवा मोकळा झाला का? मग त्यानं बोल्ट चालव. गाल उठला नाही पाहिजे.’ एवढंच बोलून ते पुढच्या मुलीकडे गेले.

आणि खरोखर, उजवा हात मोकळा होता! तो दांडीजवळच होता, काडतुसं त्याच्याच बाजूला होती. डावं बोट चापापाशी, डावा गाल लाकडाला, डावा डोळा माशीवर. यातलं काहीच हलायचं कारण उरलं नाही. उजव्याने उघडावं, भरावं, बंद करावं. जी रचना माझ्याविरुद्ध वाटत होती, तीच टेकू मिळताच माझ्या बाजूने उभी राहिली. अमेरिकेत टेबलावर रायफल टेकवून अतिसूक्ष्म नेमाच्या स्पर्धा होतात, तिथले कित्येक उजवे नेमबाज मुद्दाम डावीकडे दांडी असलेली रायफल मागवतात. कारण हेच: चापावरचा हात हलू नये.

टेकू काढला की मात्र हे सुख संपतं. उभ्याने मारताना पुढचा हात सोडता येत नाही. म्हणून तीन आसनांच्या स्पर्धेत, ज्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, डावखुऱ्यांना आरशातल्यासारखी उलटी घडवलेली रायफलच लागते. जर्मनीतल्या उल्मचे आन्शुट्झ तशा बनवतात. पण त्या महाग, आणि कॅम्पच्या कोठारात एखादी सापडणंही कठीण. सैन्यांनी तर हा खर्च सहसा केलाच नाही. ब्रिटिशांची एसए-80 डाव्या खांद्यावरून मारताच येत नाही, तिथे प्रत्येक शिपाई उजवाच होतो. रणांगणावर एकसारखेपणा लागतो, हे मला पटतं. शाळा-कॉलेजच्या रेंजवर त्याची गरज नाही, हेही तितकंच ठाम पटतं.

तेव्हा जे कुणी मुलांना नेमबाजी शिकवतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. रायफल हाती देण्याआधी मुलाला दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटी फट धरायला सांगा. त्या फटीतून दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरचा खांब बघू दे, मग एकेक डोळा मिटू दे. ज्या डोळ्याला खांब जागेवरच दिसतो तो मुख्य डोळा. दस्ता त्याच बाजूच्या खांद्याला लावा, मूल कुठल्याही हाताने लिहीत असो. आणि तो डोळा डावा निघाला तर वाळूची एक पिशवी जवळ असू द्या.