नंबर राहू दे, फोनचं बघू

बेलापूर बुद्रुक, ता. श्रीरामपूर
कोजागरी, ऑक्टोबर २०२५

ताई,

परवा फोनवर तू म्हणालीस, दिवाळीच्या एक्सचेंज ऑफरमध्ये अण्णांचं डबडं देऊन टाकू, त्यांना मोठ्या स्क्रीनचा फोन नव्या सिमकार्डासकट घेऊ, आणि माझा फोन धडधाकट आहे तेव्हा तो राहू दे. मी नुसतं हं हं करत राहिलो, कारण अण्णा शेजारीच बसलेले. त्यांच्या वस्तूचा भाव त्यांच्यासमोर ठरवणं मला बरं वाटेना. म्हणून हे पत्र. माझं मत बरोब्बर उलट आहे. अण्णांचा फोन ठेवावा, माझा बदलावा.

अण्णांचा नोकिया ११०० तुला आठवतो तसाच आहे. मे २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि त्याच वर्षी हा फोन निघाला. जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपला. धुळीत, घामात राबणाऱ्या माणसाचा विचार करून तो बनवलेला होता. सगळी बटणं एका अखंड आवरणाखाली, त्यामुळे फटीतून माती आत जात नाही. कडा खडबडीत, त्यामुळे ओल्या हातातून सटकत नाही. आणि डोक्यावर टॉर्च. अण्णांच्या फोनवरचा पाचाचा आकडा पुसून गेलाय, मागचं झाकण सैल झालंय म्हणून त्याला रबरबँड लावलंय. बाकी तक्रार नाही. चार्जिंगला लावला की दोन-तीन दिवस बघायला नको.

आता तो काम काय करतो ते बघ. शेतीपंपाची थ्री फेज लाईट इकडे पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की उसाला दारं रात्रीच धरायची. विहिरीवर ऑटो स्विच बसवलाय, त्यात एक सिमकार्ड आहे. लाईट आली की तो स्विच अण्णांना फोन करतो. अण्णांनी एक दाबला की मोटर चालू. मोटर बंद करायची तर इकडून फोन लावायचा, आणि त्यासाठी चाराचं बटण नुसतं दाबून धरायचं. दोन धरला की मला लागतो, तीन धरला की तुला. हे बघायला त्यांना चष्मा लागत नाही, दिवा लागत नाही, बोटांना पाठ आहे. पूर्वी एवढ्यासाठी रात्री-अपरात्री विहिरीपर्यंत जावं लागायचं, आणि प्रवरेकाठच्या उसात बिबट्या काय असतो ते तुला मी सांगायला नको. आता मोटर घरून सुरू होते, पण बांध फुटला का बघायला बाहेर पडावंच लागतं. तेव्हा सी चं बटण दाबून धरलं की उजेड.

मी त्यांना माझा फोन देऊन पाहिला. कानाला लावला की स्क्रीन काळी होते. एक दाबायचा तर कानापासून काढा, स्क्रीन उजळायची वाट बघा, आकड्यांचं चिन्ह शोधा, तोवर पलीकडचं बोलणं संपून फोन कट झालेला. शिवाय त्यांचा अंगठा. जन्मभर खुरपं-फावडं धरून त्याला इतके घट्टे पडलेत की काचेला तो लागल्याचं कळतच नाही. ते दोनदा-तीनदा जोरात दाबतात, मग भलतंच काहीतरी उघडतं आणि ओशाळून फोन माझ्याकडे देतात. ताई, ज्या माणसाने आपल्याला शिकवून मोठं केलं, त्याला म्हातारपणी एका काचेपुढे अडाणी ठरवायचं मला पटत नाही.

हाच अंगठा रेशनच्या मशिनवरही उमटत नाही. मग आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी मागवायचा, तो अण्णांच्या फोनवर येतो, ते एकेक आकडा मोठ्याने वाचतात आणि धान्य मिळतं. तोच नंबर बँकेत आहे, पीएम किसानला आहे, यंदा काढलेल्या फार्मर आयडीला आहे, गॅसच्या पुस्तकावर आहे. कारखान्याला ऊस गेला की वजनाचा मेसेज त्याच नंबरवर येतो. म्हणून नव्या सिमचं मनातसुद्धा आणू नकोस. फोन हा खोका आहे, उद्या पाण्यात पडला तर दुसरा आणता येईल. नंबर एकदा हातचा गेला तर या सगळ्या ठिकाणी अर्ज, फोटो, अंगठा नव्याने, आणि अंगठा तर उमटत नाही! रिचार्ज नाही, वापर नाही, असं बरेच दिवस चाललं की नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग आपल्या बापाचे मेसेज कुणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजत बसणार. श्रीरामपूरला गाडीतून उतरतेस ते स्टेशन रेल्वेच्या लेखी आजही बेलापूरच आहे. शहराचं नाव वेगळं, ते वाढलं, तालुका झाला, तरी तिकिटावर तेच नाव आहे म्हणून माणूस नेमका तिथंच उतरतो. अण्णांचा नंबर तसाच समज.

त्या फोनच्या अडचणी नाहीत असं नाही. त्याच्या आत पन्नास नावं मावतात, मेसेजचंही तसंच. इनबॉक्स भरला की पाकिटाचं चिन्ह लुकलुकायला लागतं आणि मग ओटीपी येतच नाही. तो रिकामा करायचं काम माझ्याकडे आहे. बॅटरीचं बघावं लागतं. बाजारात नकली बॅटऱ्या फार, उन्हाळ्यात फुगतात. अस्सल मालातही चूक होते. २००७ साली या फोनला लागणाऱ्या बीएल-५सी बॅटऱ्यांपैकी एका कंपनीने बनवलेल्या साडेचार कोटींहून जास्त बॅटऱ्या बदलून देण्याची पाळी नोकियावर आली होती, चार्ज करताना तापतात म्हणून. फुगलेली दिसली की मी लगेच काढून ठेवतो. ती उकिरड्यावर टाकायची नसते आणि भंगारात विकायचीही नसते. त्यासाठी बॅटरीच्या कचऱ्याचे वेगळे नियम आहेत, ऑगस्ट २०२२ पासून नव्याने लागू झालेले. श्रीरामपूरला गेलो की मी दुकानात विचारून देतो.

खरी भीती दुसरी आहे, ती टूजीची. हा फोन फक्त टूजीवर चालतो. जिओकडे टूजी पहिल्यापासूनच नाही. एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि बीएसएनएल यांचं अजून आहे, म्हणून अण्णांचं चाललंय. विहिरीवरचा स्विचही टूजीवरच चालतो. ज्या दिवशी हे नेटवर्क जाईल त्या दिवशी दोन्ही एकदम मुके होतील. त्याची तयारी मी डोक्यात ठेवली आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, देशभर २०११ पासून ती सोय आहे. आणि बटणांचे फोरजी फोन मिळतात. २०२३ मध्ये जिओने असा एक ९९९ रुपयांना आणला होता. तेव्हा अण्णांना पुन्हा बटणांचाच घेऊ, आणि दोन, तीन, चार तसेच लावून देऊ. पण वेळ येईल तेव्हा. आजच चालता फोन काढून घ्यायचं कारण दिसत नाही.

रिचार्जचं तुझं म्हणणं मात्र खरं आहे. अण्णा इंटरनेटचा एक कण वापरत नाहीत आणि पैसे भरत होते डेटाचे. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे प्लॅन ठेवायला सांगितले. ते आता मिळतात. दुकानदार आपणहून सांगत नाहीत, मागून घ्यावे लागतात. त्यांना फोनच घ्यायचा तुझा विचार होता ना, त्यापेक्षा तसा एक मोठ्या मुदतीचा रिचार्ज तू कर. त्यांना खरोखर उपयोगी पडेल अशी भेट ती.

आता माझा फोन. तो वरून छान दिसतो, काच शाबूत आहे, कॅमेरा बरा आहे, म्हणून तू म्हणतेस राहू दे. पण त्याला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट यायचे कधीच बंद झालेत. घराच्या दाराला नवी फट सापडली तरी ती बुजवायला आता कुणी येणार नाही, आणि त्याच घरात मी बँक ठेवलीय, ऊसबिल ठेवलंय, अण्णांच्या खात्याचंही मीच बघतो. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीएम किसानच्या नावाच्या, लग्नपत्रिकेच्या नावाच्या एपीके फायली फिरतात. एक जरी दाबली गेली तरी आपले मेसेज, आपले ओटीपी चोराला वाचता येतात. अपडेट असले म्हणजे दाबायला हरकत नाही असं नव्हे, पण अपडेट नसलेल्या फोनवर धोका वाढतो. अण्णांच्या फोनला ही भीती नाही, त्यात इंटरनेटच नाही. त्यांना फक्त फोन करून गोड बोलणाऱ्यापासून जपायचं. त्यांना मी सांगून ठेवलंय की ओटीपी घरच्या माणसालाच किंवा समोर उभ्या असलेल्या ओळखीच्या दुकानदारालाच सांगायचा. बावीस वर्षांपूर्वीचा फोन निर्धोक आणि पाच वर्षांचा धोक्याचा, हे ऐकायला उफराटं वाटेल, पण ते तसंच आहे.

शिवाय आमचं काम आता त्या फोनमधूनच होतं. ऑगस्ट २०२१ पासून सातबाऱ्यावरची पीकनोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर आपणच करायची असते. उभ्या पिकात जाऊन, तिथल्या तिथे फोटो काढून. माझ्या फोनला जागा सापडायलाच इतका वेळ लागतो की मी सोयाबीनमध्ये उन्हात फोन आभाळाकडे धरून उभा. नोंद राहिली तर विम्याला, नुकसानभरपाईला अडचण. पूर्वी हे तलाठी करायचे. काम आपल्याकडे आलं, पण त्यासाठी लागणारा फोन कुणी दिला नाही. ज्याच्याकडे तो नाही त्याने शेजाऱ्याच्या पोराच्या मागे फिरायचं. मला या गोष्टीचा खरंच राग येतो. सरकारने शेतकऱ्याला फोन बदलायला लावायचं आणि त्याला सुविधा म्हणायचं, हे बरोबर नाही. पण राग येऊन नोंद होत नाही, म्हणून माझा बदलायचा.

कोणता घ्यायचा, यात मला तुझी मदत हवी. कॅमेरा किती, रॅम किती, हे राहू दे. दुकानदाराला आधी एवढंच विचार की अपडेट किती वर्षं देणार, आणि ते छापील दाखवा म्हणावं. २०२३-२४ पासून महागड्या फोनला सात वर्षांचं आश्वासन मिळायला लागलंय, मधल्या किमतीतल्या काहींना सहा वर्षांचं. जास्त वर्षं देणारा दोन-तीन हजारांनी महाग पडला तरी घेऊ. फोनमुळे जे प्रदूषण होतं त्याचा मोठा वाटा तो बनवतानाच झालेला असतो, वापरताना थोडाच. म्हणजे घेतला की पुरता झिजवायचा. जीएसटी कमी झाला म्हणून फोन स्वस्त झालेत, असं तू म्हणत होतीस. तसं नाही. सप्टेंबरमध्ये टीव्ही-एसीचा कमी झाला, फोनचा अठरा टक्केच आहे.

माझा जुना एक्सचेंजला देणार नाही. त्याला जे पैसे येतात त्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे. बँकेची ॲपं काढून, सगळं पुसून, बिनसिमचा करून पोरांना अभ्यासाच्या व्हिडिओंसाठी ठेवतो. वायफाय आहेच.

अण्णांशी मी अजून यातलं काही बोललेलो नाही. तू भाऊबिजेला आलीस की तूच विचार. त्यांना मोठ्या स्क्रीनवर नातवंडांचे चेहरे बघायची हौस असेल तर माझं म्हणणं मी मागे घेतो, तो फोन नोकियाच्या जोडीला घेऊ, नोकियाच्या जागी नाही. येताना पुण्यातून बीएल-५सी ची अस्सल बॅटरी मिळाली तर घेऊन ये. इथे दुकानात मिळते ती मला खात्रीची वाटत नाही. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ