पांढऱ्या कांद्याची माळ

आमच्या लालबागच्या खोलीत खिडकीच्या गजाला बारा महिने एक माळ असायची. उन्हाळ्यात तिला पांढरे कांदे, गणपतीनंतर नुसता वाळका पेंढा. ती रिकामी माळ आई कुणाला काढू द्यायची नाही. होळी जवळ आली की तिच्याकडे बघून बाबांना म्हणायची, "वन्संना पत्र टाका. येतोय म्हणावं."

आत्या अलिबागजवळ खंडाळ्याला. खंडाळे, कार्ले ही नावं ऐकून लोकांना लोणावळा आठवतो, पण अलिबागच्या अंगाला त्याच नावांची गावं आहेत आणि पांढरा कांदा तिथला. भात निघालं की त्याच शेतात तो लावतात.

रविवारी पहाटे उठून भाऊचा धक्का गाठायचा. हा धक्का भाऊ अजिंक्यांनी बांधला, हे बाबा दर वर्षी नव्याने सांगायचे. मग रेवसची लाँच. ओहोटी असली तर ती गाळाशी अडखळायची. पुढे एसटी.

जेवायला वालाचं बिरडं असायचं. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. आम्ही पाच आणि त्यांच्या घरची सहा, अशी अकरा माणसं. एवढ्यांचे वाल सोलायला काय लागतं, हे मी पहिल्यांदा स्वतः वाल सोलायला बसलो तेव्हा कळलं. तेव्हा मी तिशी ओलांडली होती. म्हणजे आमचं पत्र पोचल्यापासून आत्याचा रविवार सुरू झालेला असायचा, आणि आम्ही मात्र बारा वाजता जाऊन "भूक लागली" म्हणायचो.

सोबत तांदळाची भाकरी आणि काकांनी बुक्कीने फोडलेला कांदा. गोड, डोळ्यांत पाणी न आणणारा. मुंबईत आई तो कधी फोडणीला घालायची नाही. "हा ताटात वाढायचा," म्हणायची.

निघताना आत्या माळ माझ्या हातात द्यायची, बाबांच्या नाही. लाँचमध्ये ती मांडीवर घेऊन बसायचो. माणसांनी खच्चून भरलेल्या त्या लाँचमध्ये माझ्याजवळ आत्याच्या शेताची माती होती.

काका गेले, आई-बाबा गेले. शेताचा बराच भाग विकला गेला, तिथे आता बंगले आहेत. ते मला अजून बघवत नाहीत. 2020 च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. आता गाडीसकट तासाभरात पलीकडे उतरतो.

यंदा लेकीला घेऊन गेलो. आत्या थकली आहे. बिरडं सुनेने केलं होतं. शेजारून सुटे कांदे आणले होते, ते पिशवीत भरून देऊ लागली तर आत्या म्हणाली, "पिशवीत काय देतेस? पेंढा भिजव. कोरडा तुटतो." ओटीवर बसून तिने पात नि पेंढा एकत्र वळायला घेतला. बोटं थरथरायला लागली तशी शेवटची वीत लेकीने वळली, आत्या सांगेल तशी.

"घट्ट ओढ गं. मुंबईला जायचंय त्याला."

लेकीची गाठ सैलच राहिली. मांडव्याला गाडी बोटीत चढताना तीन कांदे सुटून सीटखाली गेले. ते शोधायला ती खाली वाकली आणि तिसरा सापडेपर्यंत वर आली नाही.