विमानापूर्वीचा मुक्काम

व्यापारी घराण्यांमध्ये प्रवासाचा खर्च पूर्वी दोनच खात्यांत मांडला जाई: गाडीभाडे आणि किरकोळ. मुक्काम हे खातेच नव्हते. मुंबईस मालाच्या खरेदीसाठी गेलेला माणूस वळकटी खांद्यावर टाकून अडत्याच्या पेढीवर उतरे, नाही तर नातलगाकडे, नाही तर धर्मशाळेत. सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या घराण्याच्या दानातून उभी राहिली आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव भागातील किती पिढ्यांना तिने आसरा दिला, याची गणती नाही. त्या व्यवस्थेत खोलीचे मोल पैशांत होत नसे. ओळख हेच भाडे असे.

विमानप्रवासाने या व्यवस्थेपुढे एक वेगळीच अडचण उभी केली. विमानापूर्वीचा मुक्काम हा पाहुणचाराचा मुक्काम नसतो. पाहुणा संध्याकाळी येतो, धड झोपत नाही आणि पहाटे तीनला सारे घर जागे करून निघून जातो. यजमानाला पाहुणा मिळत नाही आणि पाहुण्याला विश्रांती मिळत नाही. म्हणून विमानतळाजवळचे माफक दराचे हॉटेल निवडणे ही आता मध्यम स्थितीतील कुटुंबांचीही गरज झाली आहे. ती कशी भागवावी, याचे एक उदाहरण नवी मुंबईतील सारसोळे येथे अलीकडेच घडले.

सारसोळे हे नेरुळमधील खाडीकाठचे जुने गाव. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि पुढे नेरुळची आखणी होत गेली, तसे हे गाव वसाहतींनी वेढले गेले. तरीही गावाची जेटी राहिली आणि खाडीशी असलेले नातेही राहिले. पामबीच मार्गावरून जाणाऱ्यांना हे नाव चौकामुळे परिचित असते. येथील तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतींपैकी एकीच्या तिसऱ्या मजल्यावर एक दांपत्य राहते. गृहस्थांनी वाशीच्या बाजार समितीत धान्याच्या व्यापारात उमर घालविली. पत्नीचे माहेर निपाणीचे. तिचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, आणि वहिनी यांनी फाल्गुनात शिखरजीच्या यात्रेचा बेत केला. मुंबईहून विमानाने रांची आणि तेथून मोटारीने मधुबन असा मार्ग ठरला. अण्णांचे वय चौऱ्याहत्तर. वहिनींच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, दुसरा कुरकुरणारा.

तिकिटे निपाणीतच पुतण्याने काढली. सारसोळ्यास ही बातमी पोचली तेव्हा बहिणीने मोठ्या आनंदाने सांगितले की, आता विमानतळ आपल्या दारात आला आहे. अर्ध्या तासात पोचवू. तिचे म्हणणे निराधार नव्हते. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. सारसोळ्यापासून तो जवळ आहे. परंतु तिकिटावरील अक्षरे पाहिली, तेव्हा ती जुन्या विमानतळाची निघाली. विमान सकाळी सहाचे आणि टर्मिनल सहारचे.

मुंबईचे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाने आता पहिली गोष्ट हीच पाहावयास हवी. शहराचे नाव एकच, विमानतळ मात्र दोन. जुन्या विमानतळाची खूण बीओएम, नव्याची एनएमआय. जुन्यातही सांताक्रूझकडील पहिले टर्मिनल वेगळे आणि सहारचे दुसरे वेगळे. एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी रस्त्याने वळसा घ्यावा लागतो. हॉटेलच्या नावात ‘विमानतळ’ हा शब्द असला म्हणजे ते आपल्या टर्मिनलाजवळ आहे असे होत नाही. आधी टर्मिनल, मग हॉटेल, हा क्रम उलटला तर स्वस्त खोली महाग पडते.

सहार म्हटल्यावर सारसोळ्याचा हिशेब बदलला. देशांतर्गत विमानासाठी दोन तास आधी, म्हणजे पहाटे चारला पोचावयाचे. अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. पावणेतीनला घर सोडावयाचे तर दोनला उठणे आले, आणि गुडघे दुखणाऱ्या बाईने अर्धवट झोपेत, सामानासह तीन जिने उतरणे आले. अण्णांनी फोनवर हॉटेलचा विषय काढताच बहीण दुखावली.

“अण्णा, माझ्या घरात तुम्हाला झोपायला जागा उरली नाही का?”

“जागा आहे गं. पण पायऱ्याही आहेत,” अण्णा म्हणाले.

त्या दिवशी बोलणे तेवढ्यावर थांबले. दुसऱ्या दिवशी वहिनींनी स्वतः फोन केला. त्या रात्रीच्या जिन्याची धास्ती त्यांनी आठवडाभर मनात ठेवली होती. नणंदेस वाईट वाटेल म्हणून कोणाजवळ बोलल्या नव्हत्या. शिखरजीचा डोंगर डोलीने चढता येईल, तुमच्या जिन्याला डोली नाही, असे त्या हसत म्हणाल्या. तेव्हा बहिणीने हॉटेलचा विचार करावयाचे मान्य केले; मात्र हॉटेल आपण निवडू, ही अट घातली.

पर्याय दोन निघाले. एक वाशी-तुर्भे परिसरात, दुसरा सहारपासून दहा मिनिटांवर. दोन्ही साखळी हॉटेले. त्या तारखेचे भाडे पहिल्याचे ३,८०० रुपये, दुसऱ्याचे ५,२००. पाच टक्के कर धरून ३,९९० आणि ५,४६०. फरक १,४७० रुपयांचा. वरकरणी वाशीचे हॉटेल सरस. गृहस्थांनी दिनदर्शिकेच्या मागील पानावर टॅक्सीचे आकडेही मांडले. सारसोळ्याहून वाशीस जाण्याचे २५० आणि तेथून पहाटे सहारला १,००० रुपये. उलट सारसोळ्याहून संध्याकाळी थेट सहारकडील हॉटेलात ९०० आणि तेथून टर्मिनलपर्यंत ३००. म्हणजे १,२५० विरुद्ध १,२००. टॅक्सीचा खर्च जवळपास सारखाच. खाडी एकदा ओलांडावीच लागते. ती संध्याकाळी ओलांडावी की पहाटे, एवढाच प्रश्न. संध्याकाळी रस्त्यात खोळंबा झाला तर झोप थोडी कमी होते. पहाटे टॅक्सी आली नाही तर विमान चुकते आणि यात्रेचे पुढचे सारे आरक्षण कोलमडते. १,४२० रुपयांत ही जोखीम उतरविता येत असेल तर तो खर्च विम्याच्या हप्त्यासारखा आहे, असे गृहस्थांचे मत पडले.

साखळी हॉटेलच का, हाही प्रश्न निघाला. शेजारच्या गल्लीतील स्वतंत्र हॉटेल आणखी स्वस्त होते आणि कदाचित अधिक आपुलकीचेही असेल. येथे व्यापाऱ्यांना हुंडीची आठवण व्हावी. अनोळखी गावी दर्शनी हुंडी वटत असे ती कागदाच्या गुणाने नव्हे, तर ती लिहिणाऱ्या पेढीच्या पतीमुळे. साखळी हॉटेल अशीच पत विकते. पलंग, पाणी, चादर आणि रात्रीचा जागता कारकून एका शहरात जसे मिळाले, तसेच दुसऱ्या शहरात मिळतील, हे तिचे वचन असते. या कल्पनेच्या मुळाशीही एका कुटुंबवत्सल माणसाचा हिशेबच होता. १९५१ मध्ये अमेरिकेतील केमन्स विल्सन मुलाबाळांसह सहलीस निघाले असता, वाटेतील मुक्कामांत प्रत्येक मुलामागे जादा आकार मागितला गेल्याने वैतागले. पुढच्याच वर्षी मेम्फिस शहरात त्यांनी पहिले हॉलिडे इन उघडले. फ्रान्समध्ये १९७४ मध्ये बोर्दो येथे आयबिस सुरू झाले. आपल्याकडे टाटांच्या इंडियन हॉटेल्सने २००४ मध्ये बेंगळुरूत इंडीवन या नावाने माफक दराचे हॉटेल काढले. तेच पुढे जिंजर झाले. विलेपार्ले-सांताक्रूझच्या पट्ट्यात आज आयबिस आणि जिंजर दोन्ही आहेत, आणि आयबिस तुर्भ्यातही आहे. या श्रेणीत खोली लहान असते, सामान उचलणारा माणूस दारी उभा असेलच असे नाही. पैसे पडतात ते मुख्यतः स्वच्छता, शांतता आणि नेमकेपणा यांसाठी.

दराकडे पाहताना कराची रेषा ध्यानात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरील खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० ला पडते, तर ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशेचा फरक ग्राहकाच्या खिशात ११९८ होतो. व्यापारानिमित्त प्रवास करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ५ टक्क्यांचा कर हा हॉटेलास त्याच्या खरेदीवरील कराची वजावट न देता लावलेला आहे. १८ टक्क्यांच्या बिलावर कर त्या राज्याचा लागतो जेथे हॉटेल उभे आहे. म्हणून केवळ कर्नाटकात नोंदणी असलेल्या निपाणीच्या पेढीस मुंबईच्या खोलीवरील कराची वजावट मिळत नाही. कर परत मिळेल या भरवशावर महाग खोली घेणे अशा वेळी फोल ठरते.

बाकीचे प्रश्न सारसोळ्याच्या बहिणीने विचारले, आणि ते हिशेबापेक्षाही मोलाचे निघाले. तिने संकेतस्थळावरील चित्रांवर विसंबून न राहता थेट हॉटेलात फोन केला. न्हाणीघरात उंबरा आहे का, आधाराचा दांडा आहे का, लिफ्टजवळची खोली मिळेल का, चाकांची खुर्ची दारापर्यंत येईल का. पहाटे पावणेचारला हॉटेलचे वाहन असते का, आणि ते विनामूल्य आहे का. वाहन होते, पण त्या वेळेस नव्हते. म्हणून टॅक्सीचे ३०० रुपये धरले गेले. न्याहारीसह दर सातशेने अधिक होता. पहाटे निघणाऱ्याला, आणि त्यातही कंदमूळ वर्ज्य असणाऱ्याला, सकाळी साडेसहाला मांडल्या जाणाऱ्या न्याहारीचा काय उपयोग? तो दर तिने सोडला. परतावा न देणारा दर तीनशेने कमी होता, तोही सोडला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या प्रवाशाचा बेत बदलू शकतो आणि बेत बदलण्याची मुभा तीनशेत स्वस्तच आहे. सेवाशुल्क आपोआप लावणार का, हेही तिने विचारले. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप घालता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना योग्य ठरविल्या आहेत.

मुक्कामाची मांडणीही तिनेच बदलली. अण्णा आणि वहिनी एक दिवस आधी येणार होते, ते दोन दिवस आधी आले. वहिनी दिवसाउजेडी, थांबत थांबत एकदाच जिना चढल्या आणि तिसऱ्या दिवशी उजेडातच एकदा उतरल्या. दोन रात्री भावाबहिणीच्या गप्पांत गेल्या. शेवटच्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून, गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि वाटेतल्या दशम्यांचा डबा बरोबर घेऊन मंडळी खाडीपलीकडे रवाना झाली. नऊच्या सुमारास ती आपल्या खोलीत होती. सारसोळ्याचे घर त्या रात्री निवांत झोपले.

हा निर्णय सर्वांनी जसाच्या तसा उचलावा असा नाही. तेच घर तळमजल्यावर असते, किंवा विमान नव्या विमानतळावरून असते, तर हॉटेलचा खर्च निव्वळ उधळपट्टी ठरला असता. तरुण मुलगा एकटा जात असता तर वाशीची खोलीच शहाणपणाची होती. खोलीची किंमत प्रवाशाच्या वयाने, प्रकृतीने, आहाराच्या नियमाने आणि विमानाच्या वेळेने बदलते. हॉटेलांची तुलना करणारी यंत्रे दर दाखवितात, ताऱ्यांची संख्या दाखवितात. घरच्या माणसाचा गुडघा त्यांना ठाऊक नसतो. तो ज्यांना ठाऊक आहे त्यांनीच फोन करून चार प्रश्न विचारावेत. पाहुण्याला आपल्या छपराखाली झोपविणे हे जसे आतिथ्य आहे, तसेच त्याच्यासाठी नीट चौकशी करून दुसरे छप्पर निवडणे हेही आहे.